कुलर बंद करून काढलेले फोटो

कॅमेरा शिकायला ऑर्किडसारखं मॉडेल नाही. माणसं दोन फोटोंत कंटाळतात, जास्वंद संध्याकाळी मिटून जाते. फॅलेनोप्सिसचं एकेक फूल मात्र दोन-दोन महिने ताजं राहतं. आज जमलं नाही तर उद्या, ते आहेच तिथं. मूळचं हे आग्नेय आशियातल्या दमट रानांतलं झाड. आमच्या पारोळ्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा त्याला माजघरात पाण्याच्या परातीशेजारी ठेवावं लागतं. सातपुड्यातली आमरी, म्हणजे आपलं रानातलं ऑर्किड, पाऊस पडला की आपली आपण फुलते. फॅलेनोप्सिसचे मात्र लाड करावे लागतात.

पांढऱ्या फुलानं मला पहिला धडा दिला. समोर जे असेल त्याची सरासरी मध्यम करडीच असणार, असं कॅमेऱ्यातलं मीटर धरून चालतं. फूल चौकटभर घेतलं की ते मळकट दिसतं. मागे अंधार ठेवला की तेच फूल पार भाजून निघतं, पाकळीवरची एक शीर दिसत नाही. म्हणजे एकदा उजेड वाढवायचा, एकदा कमी करायचा, आणि कधी काय ते आपणच ठरवायचं. यंत्र कितीही महागाचं असो, फूल पांढरं आहे हे त्याला आपणच सांगावं लागतं.

दुसरा धडा कुलरचा. एफ २.८ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं उघडलं की, फुलाचा ओठ (मधली वेगळी पाकळी) स्पष्ट येतो, पण पाकळ्या धूसर होतात. सगळं फूल स्पष्ट हवं म्हणून एफ ११ वर गेलं, की उजेड तेवढाच असला तर सोळापट वेळ शटर उघडं ठेवावं लागतं. तेवढ्यात कुलरच्या वाऱ्यानं दांडी डुलते. कुलर बंद केला की आई ओरडते, "एक फूलना कितला फोटू काढशी? आते कुलर लाव!" तिचंही खरंच आहे. त्यामुळे भर दुपारी लाइट गेली की गल्लीत सगळे वैतागतात आणि मी तिपाई उघडतो. धाब्याच्या छतातल्या झरोक्यातून येणाऱ्या उजेडाला वीज लागत नाही.

त्या उजेडात जवळून पाहिलं, तर ओठाच्या टोकाला मिशांसारखे दोन पीळदार तंतू दिसतात, आत पिवळ्यावर तांबडे ठिपके. कळी उमलताना देठ अर्धा वळसा घेतो, म्हणून हा ओठ खाली येतो आणि किड्याला उतरायला जागा होते. कोरडी मुळं चंदेरी असतात. पाणी घातलं की बघता बघता हिरवी होतात. रोज पाणी घालतानाही हे कधी नजरेत भरलं नव्हतं.

घरात बसून फोटोग्राफी म्हटलं की आमच्या जळगाव जिल्ह्यात एकच नाव निघतं: चाळीसगावचे केकी मूस. १९१२ साली मुंबईत जन्मले, इंग्लंडला शिकून आले आणि चाळीसगावच्या बंगल्यात शिरले, ते १९८९ मध्ये जाईपर्यंत क्वचितच बाहेर पडले. प्रेयसी रात्रीच्या पंजाब मेलनं येईल म्हणून ते वाट बघत राहिले, ही गोष्ट लोक रंगवून सांगतात. मला ती फारशी रुचत नाही. तिच्या आड काम झाकलं जातं. आणि काम काय होतं? टेबलावर लहानसहान वस्तू मांडायच्या, त्यांवर हवा तसा प्रकाश पाडायचा आणि अख्खं दृश्य उभं करायचं. टेबलटॉप फोटोग्राफी म्हणतात तिला. रेम्ब्रांटवर एवढा जीव, की घराचं नावच 'रेम्ब्रांट्स रिट्रीट'. त्या चित्रकारानं अंधाराला जेवढी जागा दिली, तेवढी आपण फोटोत द्यायला घाबरतो. फ्लॅश मारून मोकळे होतो.

दुकानात गेलं की मॅक्रो लेन्सचा आग्रह होतो. लेन्स वाईट नाही, पण आपल्या घरात कुठल्या वेळी कुठून उजेड येतो, हे ती शिकवत नाही. धुळ्याची गाडी धरायला कधी चाळीसगावला उतरलात, तर थोडा वेळ हाताशी ठेवा. मूसांचं घर स्टेशनजवळच आहे आणि आता ते संग्रहालय आहे. लेन्सवर पैसे घालण्याआधी ते बघून या.