खुर्ची कुणाची

विमानतळावर व्हीलचेअर मागणाऱ्या प्रत्येकाकडून डॉक्टरांचं प्रमाणपत्र घ्यावं आणि चालू शकणाऱ्याकडून तिचे पैसे वसूल करावेत, असं मी वर्षानुवर्षं मानत आले. चारचौघांत ठासून सांगतही आले. आज हे मत मला पटत नाही.

मला तरुणपणापासून संधिवात आहे. गुडघे आणि खुबे गेलेले. सपाटीवर काठी घेऊन थोडं चालते, पायऱ्या अजिबात चढता येत नाहीत. मुंबईहून रात्री सुटणाऱ्या परदेशी विमानांच्या वेळी व्हीलचेअरची जी रांग लागते, ती पाहिलेल्यांना माझा राग समजेल. मुलांकडे निघालेले आईवडील ओळीनं बसलेले, खुर्च्या कमी, त्या ढकलणारी मुलं त्याहून कमी. बसलेल्यांतले कितीतरी जण मध्येच उठून पाण्याची बाटली भरून आणतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून मुंबईत उतरलेल्या एका जोडप्यानं दोन खुर्च्या नोंदवल्या होत्या, मिळाली एकच. ऐंशी वर्षांचे ते गृहस्थ पत्नीच्या खुर्चीसोबत चालत निघाले आणि इमिग्रेशनपाशी कोसळले. त्यांचा मृत्यू झाला. विमान कंपनीला ३० लाखांचा दंड झाला. ती बातमी वाचली तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो रांगेत उठून चालणाऱ्यांचाच.

पुढे अशाच एका रांगेत माझ्या शेजारी साताऱ्याकडच्या एक मावशी बसल्या होत्या. सुनेच्या बाळंतपणाला निघालेल्या, मांडीवर कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी घट्ट धरलेली. मी सरळच विचारलं, ‘‘मावशी, गुडघे दुखतात का?’’

‘‘न्हाई ओ ताई. पायाला काय बी झालं न्हाई. पोरगं म्हनलं, आई, खुर्ची माग, मंजी कुनीतरी संगं ऱ्हातंय. मधी इमान बदलायचंय. तितली पाटी मला वाचाया येत न्हाई, चुकले तर कुनाला इचारू?’’

त्यांच्याजवळ मुलानं इंग्रजीत लिहून दिलेली चिठ्ठी होती. कुणी थांबवलं तर ती पुढे करायची. एखादा माणूस सोबत मिळावा, एवढंच त्यांना हवं होतं. पण तिकिटाबरोबर विनामूल्य सहज मिळणारी सोबत म्हणजे व्हीलचेअर ढकलणाऱ्याची. नुसतं हात धरून दारापर्यंत पोचवणारी सेवा आपल्या मोठ्या विमानतळांवर आहे, ती पैसे भरून घ्यावी लागते. मावशींनी काय करायला हवं होतं, याचं उत्तर मला देता आलं नाही.

मग प्रमाणपत्राचा विचार नव्यानं करू लागले. संधिवात रोज सारखा नसतो. सकाळी मूठ मिटत नाही, संध्याकाळी मी खुर्चीतून उठून स्वच्छतागृहात जाऊन येते. त्या पाच पावलांत माझ्याकडे बघणाऱ्या नजरा मला ठाऊक आहेत. मीही इतरांकडे तशीच बघत होते. काउंटरवरच्या माणसाला ‘तू खरा की खोटा’ हे ठरवू दिलं की काय होतं, ते आपण पाहिलंय. २०१२ मध्ये कोलकात्याहून गोव्याला एका परिषदेसाठी निघालेल्या जीजा घोष यांना सेरेब्रल पाल्सी असल्यामुळे विमानातून उतरवलं गेलं. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये विमान कंपनीला त्यांना १० लाखांची भरपाई द्यायला लावली. तरीही २०२२ मध्ये रांचीला एका दिव्यांग मुलाला विमानात घेतलं नाही. त्यानंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं (डीजीसीए) नियम बदलला: प्रवाशाची प्रकृती प्रवासात बिघडेल असं कंपनीला वाटलं, तरी डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासल्याशिवाय त्याला नाकारता येत नाही. एवढ्या झगड्यानं त्या काउंटरचा जो अधिकार कमी झाला, तोच मी प्रमाणपत्राच्या नावानं परत द्यायला निघाले होते.

आणि माझे स्वतःचे हाल नेमके कुठे झाले? एका लहान विमानतळावर. तिथे एरोब्रिज नव्हता, विमान छोटं, एटीआर जातीचं, त्याच्या दारालाच पायऱ्या. खुर्ची वेळेवर आली होती. माणसाला खुर्चीसकट दारापर्यंत उचलणारी ॲम्ब्युलिफ्ट मात्र नव्हती. दोन लोडरनी मला काखेत आणि पायांना धरून वर नेलं, साडी सावरायलाही हात मोकळा नव्हता. खालून सगळे प्रवासी बघत होते. ती ॲम्ब्युलिफ्ट कुठल्याही मावशीनं अडवलेली नव्हती. ती तिथे कुणी ठेवलीच नव्हती.

युरोपीय संघात २००८ पासून ही मदत देणं विमानतळ चालवणाऱ्यांची जबाबदारी आहे, खर्च सगळ्या विमान कंपन्यांत वाटला जातो. आपल्याकडे प्रत्येक कंपनीनं आपापलं बघायचं. एकीच्या खुर्च्या रिकाम्या असतात, तेव्हा दुसरीचे प्रवासी ताटकळतात. माझा राग आता इकडे वळला आहे. पाटी न वाचता येणाऱ्यांसाठी मराठी-हिंदी बोलणारे सोबती विमानतळांनी विनामूल्य द्यावेत. खुर्च्यांवरचा ताण त्यानंच हलका होईल.

हे होईल तेव्हा होवो. आईवडिलांचं तिकीट काढणाऱ्या मुलामुलींना एक विनंती आहे. निदान ४८ तास आधी कळवा, आणि नुसतं ‘व्हीलचेअर’ म्हणून थांबू नका. तिचे तीन प्रकार असतात. लांब चालवत नाही पण पायऱ्या चढता येतात, त्यांच्यासाठी डब्ल्यूसीएचआर. पायऱ्या जमत नाहीत पण विमानात सीटपर्यंत चालता येतं, त्यांच्यासाठी डब्ल्यूसीएचएस. सीटपर्यंतही न्यावं लागतं, त्यांच्यासाठी डब्ल्यूसीएचसी. मग विमानातली अरुंद खुर्ची मिळते. फोनवरचा माणूस विचारत नाही आणि पहिला प्रकार लिहून मोकळा होतो. तिकिटावर काय लिहिलंय ते वाचा, चुकलं असेल तर दुरुस्त करून घ्या, आणि चढायला ॲम्ब्युलिफ्ट आहे का, हे त्याच फोनवर विचारा.