नऊ अक्षरांचा शब्द

सुपात तांदूळ घेऊन बसलेल्या आजीला खडा शोधावा लागत नाही. तो तिच्या बोटांना आपोआप लागतो. पाखडावयाचे ते सुपाने, चाळावयाचे ते चाळणीने. एकाने दुसऱ्याच्या कामात लुडबूड करावयाची नाही, हा स्वयंपाकघराचा जुना दंडक. संगणकाच्या जगातही अशीच काही साधी, एकमार्गी साधने आहेत. त्यांना ना चित्रे, ना रंग. काळ्या पडद्यावर एका ओळीची आज्ञा लिहावी आणि खाली उमटलेले उत्तर वाचावे, एवढाच त्यांचा व्यवहार.

‘ग्रेप’ हे त्यांपैकी एक. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन यांनी ते १९७३ च्या सुमारास तयार केले. त्यांचे सहकारी ली मॅकमहॉन हे १७८७-८८ मध्ये टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या काही राजकीय निबंधांचे खरे लेखक कोण, हे त्यांतील शब्दांवरून ताडू पाहत होते. तो मजकूर त्या वेळच्या संपादन-साधनात मावेना. तेव्हा त्यातील शोधण्याचे काम तेवढे वेगळे काढले गेले, आणि ग्रेप जन्मास आले. त्याला एखादा शब्द सांगावा. तो ज्या ज्या ओळीत असेल, ती ती ओळ ते समोर ठेवते. ते ओळ पाहते, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिचे काम पुढे पडणार आहे.

माणसांचे निबंध चाळण्यासाठी घडविलेले हे साधन पुढे एका निराळ्याच ग्रंथाच्या कामी आले. प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनएचा लांबच लांब धागा असतो. त्यावरील मजकूर ए, सी, जी आणि टी या चारच अक्षरांत लिहिता येतो. स्वतंत्रपणे जगणाऱ्या जीवाचा असा संपूर्ण मजकूर प्रथम वाचला गेला तो १९९५ साली, अमेरिकेतील मेरीलँड राज्यात. तो जीव म्हणजे ‘हिमोफिलस इन्फ्लुएन्झा’ नावाचा जिवाणू. १८९२ च्या साथीत तोच इन्फ्लुएन्झाचे कारण असावा असे वाटले, म्हणून हे नाव त्याला चिकटले. खरा गुन्हेगार एक विषाणू आहे हे पुढे सिद्ध झाले. पण नाव काही सुटले नाही! या इवल्या जीवाच्या मजकुरात १८,३०,१३७ अक्षरे भरली. एका पानावर दोन हजार अक्षरे छापली, तरी नऊशेंहून अधिक पाने होतील. आणि त्यांत कोठे विराम नाही, परिच्छेद नाही, दोन शब्दांमध्ये जागासुद्धा नाही.

या जिवाणूची एक खोड आहे. आसपास पडलेले डीएनएचे तुकडे तो आत ओढून घेतो. परंतु सगळेच नव्हे. ज्या तुकड्यावर ‘ए ए जी टी जी सी जी जी टी’ ही नऊ अक्षरे असतील, तो त्याला विशेष पसंत पडतो. मग त्याच्या स्वतःच्या मजकुरात हा शब्द किती वेळा येत असेल? चार अक्षरांतून नऊ अक्षरी शब्द २,६२,१४४ प्रकारचे होतात. सारे केवळ योगायोगावर सोपविले, तर एवढ्या मजकुरात हा शब्द धाग्याच्या दोन्ही बाजू धरून चौदाएक वेळा यावा.

एखादा नवशिका विद्यार्थी ही मोजणी करावयास बसतो. मजकुराची फाईल त्याच्यापाशी असते. तिच्या माथ्यावर जिवाणूचे नाव आणि खाली सत्तर-सत्तर अक्षरांच्या ओळी. तो ग्रेपला नऊ अक्षरे देतो. पापणी लवते न लवते तोच काही शेकड्यांचा आकडा उमटतो. कोठे चौदा आणि कोठे हे शेकडे! विद्यार्थी हरखून जातो.

तो आकडा खोटा असतो. साधन खोटे बोललेले नसते. त्याला जे विचारले, त्याचेच उत्तर त्याने दिलेले असते. वहीत लिहिताना ओळ संपली की आपण उरलेला शब्द खाली नेतो, आणि वाचणारा तो मनात जोडून घेतो. ग्रेपला मन नाही. सत्तर अक्षरांच्या ओळीत शेवटच्या आठ जागी सुरू होणारा हा शब्द पुढल्या ओळीत सांडतो, आणि त्याच्या दृष्टीने तो नाहीच. नऊ शब्दांमागे जवळजवळ एक असा निसटतो. त्याची कोठे वाच्यता होत नाही. चूक झाल्यावर साधन ओरडले असते, तर बरे. येथे ते शांतपणे एक नीटनेटका आकडा देऊन मोकळे होते.

उपाय सोपा आहे. प्रथम नावाची ओळ काढून टाकावयाची, नाही तर तिची अक्षरे जीवाच्या अक्षरांत मिसळतील. नंतर ‘टीआर’ नावाच्या दुसऱ्या साधनाने ओळींचे शेवट पुसावयाचे. एका साधनाचे उत्तर दुसऱ्याच्या ओंजळीत टाकण्यासाठी दोघांच्या मध्ये एक उभी रेघ ओढली, की झाले. विद्यार्थी तसे करतो, ग्रेपला पुन्हा मोजावयास सांगतो, आणि उत्तर येते: एक!

बिचाऱ्याने किती वेळ डोके खाजवावे? मोजण्याची आज्ञा दिली की ग्रेप शब्द मोजत नाही, शब्द असलेल्या ओळी मोजते. आणि आता तर अवघा ग्रंथ एकाच ओळीत आला आहे. तेव्हा त्याला सांगावे लागते की, ‘सापडलेला प्रत्येक शब्द वेगळ्या ओळीवर मांड,’ आणि त्या ओळी तिसऱ्या साधनाकडून मोजवून घ्याव्या लागतात.

तरीही निम्मे काम उरतेच. डीएनएचा धागा दुपदरी असतो. एका पदरावर ए असेल तेथे समोर टी, सी असेल तेथे जी. आणि दुसरा पदर उलट दिशेने वाचावयाचा. म्हणून त्यावरचा हाच शब्द आपल्या फाईलमध्ये ‘ए सी सी जी सी ए सी टी टी’ असा दिसतो. त्याचीही वेगळी मोजणी करून दोन्ही आकडे मिळवावयाचे. संशोधकांनी १९९५ मध्ये अशी दोन्ही पदरांची बेरीज प्रसिद्ध केली, ती १,४६५ होती. योगायोगाच्या चौदांपुढे चौदाशे पासष्ट! आणि दोन्ही पदरांवर ते शब्द जवळजवळ सारखेच वाटलेले.

एक बारीकशी गोष्ट मात्र काळजीवाहू शोधकच पाहतो. या जिवाणूचा धागा सरळ नाही. तो बांगडीसारखा वर्तुळाकार आहे. फाईलमध्ये मांडण्यासाठी माणसाने तो एका जागी कापला. न जाणो, एखादा शब्द नेमका त्या कापावरच तुटला असेल! म्हणून तो मजकुराची पहिली आठ अक्षरे उचलतो, शेवटच्या अक्षरामागे जोडतो, आणि मोजणी पुन्हा एकदा पहिल्यापासून सुरू करतो.