सत्यवतीला कुणी विचारलं?



पुंडलिकाचं आख्यान मी आयुष्यात किती वेळा लावलं याचा हिशेब नाही. सप्ताहात एखादा दिवस तरी ते यायचंच. म्हाताऱ्या आईबापाला पायी चालवत, आपण नवराबायको घोड्यावर बसून काशीला निघालेला पुंडलिक. कुक्कुट ऋषींचा आश्रम. मळक्या वस्त्रांनी येऊन झाडलोट करून उजळ होऊन जाणाऱ्या गंगा, यमुना, सरस्वती. पुंडलिकाचे उघडलेले डोळे. आणि शेवटी द्वारकेहून आलेला देव विटेवर तिष्ठत उभा. इथे मी थांबायचो आणि श्रोत्यांकडे बघून म्हणायचो, "तो पुंडलिक काशी सोडून आईबापाकडे वळला. आताचे पुंडलिक आईबाप सोडून अमेरिकेला जातात आणि देवाला सांगतात, तुझी वीट घेऊन तूच इकडे ये!" टाळकऱ्यांसकट मंडप हसायचा. मलाही बरं वाटायचं.

2012 साली माझा धाकटाच कॅनडाला गेला. काही महिने तो दृष्टांत बंद ठेवला. मग पुन्हा सुरू केला, कारण मी नाव अमेरिकेचं घेत होतो, कॅनडाचं नाही. माणूस स्वतःला किती सवलती देतो पहा.

आमच्या अल्लीपुरात आता अशी घरं थोडी नाहीत. शेतकऱ्याचं पोर हिंगणघाटला, तिथून नागपूरला, मग पुण्याला, आणि पुढे समुद्र ओलांडून. मागे राहिलेल्या आईबापाला दर दोन-तीन वर्षांनी एक प्रश्न येतो: "बाबा, आईला घेऊन इकडे येता का?" म्हणून मला कळलं ते वारकरी मंडळींना सांगतो. परदेशात आईबापाला जो परवाना मिळतो तो बहुधा तात्पुरता असतो. अमेरिकेत पाहुणा म्हणून गेलं तर साधारण सहा महिने. ऑस्ट्रेलियानं 2019 साली आईबापासाठी निराळा परवाना काढला, तीन किंवा पाच वर्षांचा. सगळे मुक्काम मिळून दहा वर्षांच्या वर नाही. कॅनडानं डिसेंबर 2011 पासून 'सुपर व्हिसा' सुरू केला. आधी एका वेळेला दोन वर्षं राहता यायचं, जुलै 2022 पासून पाच वर्षं. परवाना दहा वर्षांपर्यंतचा मिळू शकतो, त्यात कितीही वेळा जा-ये करा. पण तिथे नोकरी करायची नाही. आता नातवंडं सांभाळणं, पोळ्या लाटणं, भाजी निवडणं ही नोकरी नव्हे, असं सरकारचं मत दिसतं. आमच्याकडेही त्याला कधी काम म्हटलेलं नाही.

कायमचं बोलावण्याचीही वाट आहे. धाकट्यानं 2020 साली त्यासाठी नाव नोंदवलं. पुढे कित्येक वर्षं त्याच यादीतून चिठ्ठ्या काढून लोकांना बोलावत राहिले. आमची चिठ्ठी काही निघाली नाही. म्हणून 2023 च्या दिवाळीत त्यानं सुपर व्हिसाची तयारी सुरू केली.

कागद पाहून मी चक्रावलो. मुलाची कमाई ठरावीक रकमेच्या वर असावी लागते, आणि ती रक्कम ठरवताना त्याच्या घरातल्या माणसांत आम्हा दोघांना धरून मोजतात. म्हणजे तिकडे पाय ठेवण्याआधीच आम्ही त्याच्या ताटावरची दोन माणसं झालो. एक लाख डॉलरचं संरक्षण देणारा वर्षाचा आरोग्यविमा काढावा लागतो. त्यात दवाखाना येतो, आणि परत पाठवण्याचा खर्चही येतो. हे 'परत पाठवणं' कुणाचं, असं मी फोनवर विचारलं. धाकटा जरा अडखळला. हिनं मागून उत्तर दिलं, "जिवंतपणीचं तिकीट पोरगा काढते, मेल्यावरचं कंपनी काढते."

मग हमीपत्र. मी आळंदीला, जोग महाराजांनी 1917 साली काढलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत शिकलो. इंग्रजीचा आणि माझा संबंध बेताचाच. मोठ्याच्या मुलीनं ते वाचून दाखवलं. धाकट्यानं लिहिलं होतं की हे माझे जन्मदाते, यांच्या राहण्याचा, खाण्याचा सगळा भार माझा. सोबत त्याच्या पगाराचे कागद. त्याला पगार किती, हे मी कधी विचारलं नव्हतं, त्यानं सांगितलं नव्हतं. नातीनं आकडा वाचला तेव्हा मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. एका परक्या सरकारसमोर माझा मुलगा माझा जामीन राहिला होता. मंडपात ज्याच्यावर हशा पिकवला तोच हा पुंडलिक.

बोटांचे ठसे द्यायला मुंबईला गेलो. तिथे यंत्र माझी बोटं घेईना. उमेदीत शेती केली, आयुष्यभर टाळ धरला, रेषा राहिल्या होत्या कुठे! तिथला मुलगा ओल्या कापडानं बोटं पुसून पुन्हा पुन्हा दाबायचा. शेवटी एकदाचे उमटले. मार्च 2024 मध्ये आम्ही टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनला पोहोचलो. विमानतळावरच्या बाईनं शिक्का मारला. त्या शिक्क्याप्रमाणे मार्च 2029 पर्यंत राहायला हरकत नाही.

तिथल्या मुक्कामाचं वर्णन करत बसत नाही. थंडी असते, घरं गरम असतात, सगळे कामाला जातात. पण बागेतल्या बाकाची गोष्ट सांगितली पाहिजे. ब्रॅम्प्टनला पंजाबी वस्ती मोठी. ऊन पडलं की पगडीवाले म्हातारे बागेत येऊन बसतात. त्यांतले बरेच आमच्यासारखेच, मुलाच्या हमीवर आलेले. एकानं माझ्या गळ्यातली तुळशीची माळ पाहून हिंदीत विचारलं, कुठले? मी महाराष्ट्र म्हटलं, पंढरपूर म्हटलं. त्याला पंढरपूर कळलं नाही. मग नामदेवांचं नाव घेतलं आणि तो उठून उभाच राहिला. "भगत नामदेवजी! वो तो हमारे घुमान के हैं।" आमच्या नरसी-पंढरपूरचे नामदेव त्याच्या घुमानचे! वाद घालायचं कारण नव्हतं. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवरायांची एकसष्ट पदं आहेत, गुरदासपूर जिल्ह्यात घुमानला त्यांचं स्थान आहे, 2015 साली तिथे मराठी साहित्य संमेलनही झालं. महाराज पंजाबात गेले तेव्हा कुणाची हमी होती, किती दिवसांचा परवाना होता? त्या सरदारजींशी माझी रोज बैठक जमली. त्याची बायको गावीच वारली होती. तो एकटा आला होता आणि परत जायला त्याच्याकडे घर उरलं नव्हतं. तात्पुरता परवाना हातात, आणि परतण्याचं ठिकाण नाही. मुदत संपल्यावर काय, हे मी त्याला विचारलं नाही.

आषाढी 17 जुलैला होती. एकादशी पंढरपूरच्या घड्याळानं धरायची की तिथल्या सूर्योदयानं, असा प्रश्न सुनेनं केला. शास्त्र सूर्योदयाचं आहे, मुक्काम जिथे तिथला सूर्य. म्हणून उपास 17 लाच केला. पण पंढरपुरात पहाटे अडीचला महापूजा चालते तेव्हा तिकडे आदल्या दिवसाचे संध्याकाळचे पाच वाजलेले असतात. त्या 16 तारखेला संध्याकाळी पाचला मी अंगणात उभा होतो, लख्ख ऊन होतं, शेजारी गवत कापायचं यंत्र चालू होतं. 2020 आणि 2021 साली रोगराईमुळे वारी चुकली, पण ती सगळ्यांचीच चुकली. पादुकाच एसटीतून गेल्या, तिथे आपलं काय? ही मात्र माझी एकट्याची चुकली. त्या रात्री मी ठरवलं, कार्तिकीच्या आधी परत जायचं. धाकट्याला सांगितलं, दोन तिकिटं काढ.

सकाळी ही म्हणाली, "एकच काढायला सांगा. मी राहतो इथं."

मला आधी थट्टा वाटली. सुनेचं दुसरं बाळंतपण जवळ आलं होतं, म्हणून म्हटलं, ते उरकलं की येशील? ती म्हणाली, "पाच वर्षं देल्ली ना सरकारनं? मग राहू द्या." मी माझ्या परीनं समजावायला गेलो: गाव, माणसं, मोठ्याचा संसार, आपला एकादशीचा नेम. ती शांत होती. "नेम माझाही हाये. माळ माझ्याही गळ्यात हाये. तुमी अठ्ठेचाळीस वर्षं फिरले. सप्ताह झाले, वाऱ्या झाल्या. आषाढात पेरणी असते जी, ढोरं असतात. मी घर धरून बसलो. मले कोणी पुसलं का, चालतं का म्हणून?"

मंडळी, मी बोलण्यावर जगलेला माणूस. त्या सकाळी मला वाक्य सुचलं नाही. अठ्ठेचाळीस वर्षं आमच्या घरात तात्पुरत्या मुक्कामाला मीच येत होतो. पाच दिवस घरी, दहा दिवस गावोगाव. माझी हमी तिनं घेतली होती आणि तिच्याकडे कुणी कागद मागितला नव्हता.

मग पुंडलिकाचं आख्यान मनात आपोआप उलगडायला लागलं. त्याच्या बापाचं नाव जानुदेव, आईचं सत्यवती. एवढं प्रत्येक कीर्तनकार सांगतो, मीही सांगत आलो. पण त्यांच्या तोंडी मी कधी एक वाक्य घातलं नाही. आईबापाला पायी चालवलं तेव्हा ती बोलत नाहीत. पुंडलिक सुधारून पाय चेपायला बसला तेव्हाही बोलत नाहीत. त्यांना काशी पाहिजे होती का? अर्ध्या वाटेवरून परत आणलं त्याचं त्यांना काय वाटलं? सत्यवतीला तिथेच गंगेकाठी राहायचं असेल तर? तिला कुणी विचारलं? सेवा करणारा दिसतो, तिष्ठणारा देव दिसतो. ज्यांची सेवा चालली आहे त्यांचं मन आम्ही गृहीत धरलं. परवान्याच्या कागदांतही तेच. मुलाची कमाई विचारतात, छातीचा फोटो काढतात, ठसे घेतात. धाकट्यानं विचारलं ते मला, "बाबा, येता का?" आणि मी होकार दिला तो दोघांचा.

ज्यांच्यापुढे हा प्रश्न आहे त्यांना माझं एवढंच सांगणं. फोन आला तर तो दोघांच्या कानाला लावा. बाईला घर सोडायचं नसेल आणि पोरासाठी ती हो म्हणत असेल, तर तेही शोधून काढा. आमच्याकडे उलटं निघालं. दुसऱ्या घरी तिसरंच निघेल.

आमच्या वऱ्हाडची लेक रुक्मिणी रुसून दिंडीरवनात गेली आणि देवाला तिच्यामागे द्वारका सोडून यावं लागलं. आजही पंढरीत दोघांची देवळं वेगळी आहेत. कौंडिण्यपुराहून दर आषाढीला तिची पालखी निघते, माहेरची माणसं भेटीला जातात. गावात मला कुणी खोचकपणे विचारलं की बायको तिकडेच ठेवून आलात काय, तर मी हे सांगतो. त्यानं त्यांचं समाधान होतं. माझं पुरतं होत नाही. रात्री औषधाची गोळी कोणत्या डबीत आहे हे अजून सापडत नाही, आणि तिचा रक्तदाब वाढला तर तिकडे विम्याची माणसं जुनं दुखणं म्हणून हात वर करतील का, ही काळजी आहेच.

ऑक्टोबरात मी एकटा परतलो. 12 नोव्हेंबरला कार्तिकी. चंद्रभागेचं स्नान करून पहाटे सहाला वाळवंटातून तिला फोन लावला. तिकडे आदल्या रात्रीचे साडेसात. मागे नव्या बाळाचं रडणं ऐकू येत होतं. तिनं विचारलं, "घरच्या तुळशीले पाणी टाकते का कोणी?"

मी म्हटलं, मोठ्या सुनेला फोन करून विचारतो.

"मी इचारलं कालच. टाकते म्हणते."

"मग मला कशाला विचारलं?"

"तुमच्या ध्यानात हाये का, ते पाहत होतो."