मखमल न टाकणारा चितळ

नांगरटी आटोपल्या की आमच्या घरी एक विषय हटकून निघतो. थोरली बहीण साकोलीला दिली आहे, तिच्याकडे जायचे कधी? साताऱ्याकडच्या माणसाला साकोली म्हणजे दुसरा मुलूखच. नागपूर मागे टाकून रायपूरच्या रस्त्याला लागले की उसाचे नाव निघत नाही. जिकडे तिकडे धानाच्या बांध्या, मध्येच मोहाची झाडे आणि जागोजाग तळी. यंदा मेच्या शेवटच्या आठवड्यात आईला घेऊन गेलो.

दाजी म्हणाले, "आलाच आहात तर नागझिरा पाहूनच जा." नागझिऱ्याचे अभयारण्य १९७० साली झाले. पुढे नवेगाव वगैरे जोडून २०१३ साली तिथे व्याघ्रप्रकल्प झाला. साकोलीहून पिटेझरीचे फाटक जवळच आहे. आईला वाघाचे फारसे अप्रूप नव्हते. तिची मागणी एकच होती. "जंगलात कुठे सांबरशिंग पडलेले दिसले तर उचल रे. आपले झिजत आले."

आमच्या घरातला सांबरशिंगाचा तुकडा आजोबांच्या वेळचा. छाती भरली, डोके धरले, सूज आली की आई तो सहाणेवर उगाळते आणि लेप लावते. गुण शिंगाचा की आईच्या हाताचा, हे मला आजवर कळलेले नाही.

फाटकावर जो गाइड आमच्या गाडीत बसला, त्याने हे ऐकले. साठीच्या घरातला माणूस, जंगलाच्या कडेच्याच गावचा. हसून म्हणाला, "आजी, पडलेलं शिंगबी उचलता येत नाही जी. गुन्हा होते." वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ सालचा. शिंगांचा व्यापार चालू राहिला तर पडलेल्या शिंगांच्या नावाखाली मारलेल्या जनावरांची शिंगेही विकली जातील, म्हणून ही बंदी. आईला ते पटले नाही. "पडलेले ते पडलेले, कुजून जायचे," असे ती पुटपुटली. गाइड म्हणाला, "कुजत नाही आजी. साळिंदर खाते." हे खरे आहे. साळिंदर आणि उंदीर पडलेली शिंगे कुरतडतात. त्यांना त्यातून चुना मिळतो.

दुपार कलल्यावर आम्ही तळ्यापाशी पोहोचलो. ऐन, धावडा, तेंदू, सारे रान वाळलेले आणि मध्ये हे एवढे पाणी! काठावर चितळांचा मोठा कळप होता. माद्या, पाडसे आणि पाच-सहा नर. नरांची शिंगे उंच, दोन्ही बाजूंना तीन-तीन टोकांची, घासून गुळगुळीत झालेली. माना जाड झालेल्या. त्यांचे माजाचे दिवस होते. एक दुसऱ्याच्या अंगावर जात होता, मधूनच एखादा मान उंचावून ओरडत होता.

या साऱ्यांपासून हटून एक नर उभा होता. अंगाने पुरा वाढलेला, पण मान बारीक. शिंगे मात्र विचित्र. बुंध्याशी गाठी गाठी, टोके बोथट, आणि सगळ्यावर करडी मऊ लव. जुन्या मखमलीच्या कापडात गुंडाळून ठेवावीत तशी.

मला वाटले, आजारी असेल. गाइड म्हणाला, "आजारी नाही जी. हा बैल झाला हाय."

मी चमकलोच. जंगलात बैल कुणी बडवला?

आधी शिंगांचे सांगतो, म्हणजे पुढचे उलगडेल. आपल्या बैलाचे शिंग जन्मभर एकच असते. आत हाड, वर नखासारखे कवच. पोळ्याला आपण ते साळतो, रंगवतो, आणि ते मोडले तर पुन्हा पहिल्यासारखे येत नाही. काळविटाचेही तसेच. हरणांच्या दुसऱ्या कुळात, म्हणजे चितळ, सांबर, बारशिंगा यांच्यात, शिंग म्हणजे निव्वळ हाड. ते दर वर्षी बुडातून गळून पडते आणि नवे येते. कपाळावर दोन खुंट राहतात, त्यातून कोंब फुटावा तसे नवे शिंग वर येते. चार-पाच महिन्यांत एवढे मोठे झाड डोक्यावर उभे राहायचे, तर त्याला रक्त पुरवायला हवे. ते काम ही मखमल करते. ती कातडीच असते, आत रक्तवाहिन्यांचे जाळे, वर बारीक लव. हात लावला तर कोमट लागते म्हणतात. या दिवसांत शिंग इतके हळवे असते की नर ते कशाला लागू देत नाही. भांडण झालेच तर मागच्या पायांवर उभा राहून पुढच्या खुरांनी भांडतो.

मग माजाचे दिवस जवळ येतात. अंडांत तयार होणारा नराचा रस रक्तात वाढतो. त्या रसाने शिंगाचे हाड टणक होते, मखमलीचा रक्तपुरवठा बंद पडतो, ती वाळते आणि फाटून लोंबू लागते. नर झाडाच्या खोडाला शिंगे घासून ती उतरवतो. हंगाम संपला, रस ओसरला, की खुंटापाशी हाड खचते आणि शिंग गळते. म्हणजे मखमल उतरणे काय आणि शिंग गळणे काय, दोन्हींची किल्ली एकाच ठिकाणी.

ती किल्लीच हरवली तर? पाडस असतानाच अंडे गेली तर बहुधा शिंगे येतच नाहीत. मखमलीत असताना गेली तर ती मखमल उतरत नाही, शिंगही गळत नाही. आणि टणक शिंगे असताना गेली तर ती काही आठवड्यांत पडतात. नवी येतात ती मखमलीची, आणि तशीच राहतात. आत हाड पुरते पिकत नाही, कातडी जिवंत राहते, म्हणून शिंग गाठी धरत वेडेवाकडे वाढत जाते. युरोपातल्या रो नावाच्या छोट्या हरणात तर डोक्यावर केसांचा टोप घातल्यासारखा गोळा होतो. जिथे बर्फ पडते तिथे ही ओली टोके गारठून झडतात. आपल्याकडे तेवढी थंडी नाही.

ग्रीसच्या अॅरिस्टॉटलने दोन हजार वर्षांहून आधी हे लिहून ठेवले आहे. शिंगे येण्याआधी खच्ची केलेल्या हरणाला शिंगे येत नाहीत, आणि आल्यावर केले तर ती गळत नाहीत. दुसऱ्या वाक्यात तो थोडा चुकला, जुनी एकदा गळतात. पण गोऱ्हा बडवणाऱ्या कुणाही शेतकऱ्याने जे पाहावे तेच त्याने पाहिले होते. आपल्या बैलाचे वशिंड वळूसारखे भरत नाही आणि शिंगे लांब, सडपातळ होतात, हे आपण जाणतोच.

सगळे मखमलीचे नर असे नसतात, हेही गाइडने बजावले. चितळाचा हंगाम आपल्या पेरणीसारखा एका नक्षत्राला बांधलेला नाही. मध्य भारतात बहुतेक नरांची शिंगे उन्हाळ्यात टणक असतात आणि थंडीत मखमलीची. तरी एखाद्याचे पंचांग निराळे चालते, कोवळ्या नरांचे तर हमखास. जॉर्ज शॅलर यांनी १९६३ ते १९६५ या काळात कान्ह्याच्या जंगलात राहून चितळांचा अभ्यास केला, त्यांनीही बारा महिने निरनिराळ्या अवस्थेतले नर पाहिले. तेव्हा मे महिन्यात मखमल दिसली म्हणून लगेच बैल म्हणू नये. टोके गोल, शिंग सरळ वाढते आहे, असे असेल तर तो उशिरा आलेला. गाठी धरलेल्या आणि मान बारीक असेल तर शंका घ्यावी. आणि पुढच्या उन्हाळ्यातही तीच मखमल दिसली तर शंका उरत नाही.

"याले मी मागच्या उन्हाळ्यात बी असाच पायला," गाइड म्हणाला. "त्याचा डावा कान फाटेल हाय, म्हणून वळखते."

"कशाने झाले असेल?"

त्याने दाजींकडे पाहिले, मग मान वळवली. "देवाची करणी असते कधी. अंड पोटातच राहते. कधी झुंजीत लागते. नाहीतर तार."

दाजी काही बोलले नाहीत. त्यांच्या धानाच्या बांध्या जंगलाला लागून आहेत. चितळ रात्री उतरतात आणि कोवळे धान साफ करतात. म्हणून त्यांनी चारी बाजूंनी काटेरी तार ओढली आहे. त्यांना दोष कसा देऊ? एका रात्रीत घरचे वर्षाचे पोट जाते, ते ताईच्या तोंडून मी ऐकले आहे. पण उडी मारताना वरची काटेरी तार नेमकी जांघेत लागते, हेही खरे. त्या चितळाचे तसेच झाले की नाही, कोण सांगणार? वीज सोडलेल्या तारांनी आणि क्लचवायरच्या फाशांनी तर जनावरे मरतातच, कधी माणसेही. काटेरी तारेचे कुणाच्या ध्यानात येत नाही.

आई इतका वेळ गप्प होती. तिने विचारले, "बाकीचे याला मारतात का रे?"

"नाही आजी. त्याच्यापासून कोणाले धोका नाही. चरते, पाणी पिते."

उन्हे उतरली तसा कळप पाण्यावर आला. मखमलीचा नर माद्यांच्या मागून पाण्याला लागला. मोठ्या नरांनी त्याच्याकडे पाहिलेही नाही.

परतताना फाटकापाशी आईने पुन्हा शिंगाचा विषय काढला नाही. रात्री जेवताना दाजी ताईला म्हणाले, "वरची तार साधी आणतो, बिनकाट्याची. आणि जुनी लुगडी असली तर काढून ठेव, पट्ट्या बांधू. जनावराला अंधारात दिसली पाहिजे." ताई म्हणाली, "धान खाल्ले तर?" दाजी म्हणाले, "खालच्या तारा काटेरीच ठेवतो. रोवणीच्या आधी बसवून पाहू."