ऑफिस पाण्याखाली, टेन्शन किनाऱ्यावर

'जिंदगी ना मिलेगी दोबारा' २०११ मध्ये आला, तेव्हा माझ्या वयाचे बरेचजण शाळेच्या युनिफॉर्ममध्ये होते. पण एक गोष्ट डोक्यात फिट्ट बसली. जगात 'स्कूबा डायव्हिंग इन्स्ट्रक्टर' नावाचा एक जॉब असतो आणि तो कतरिना कैफसारखी माणसं करतात! ऑफिस निळ्या पाण्यात, ड्रेस कोड वेटसूट, अप्रेझल घ्यायला फक्त मासे. आज एक्सेल शीटसमोर बसून जांभया देताना ज्यांना 'सगळं सोडून कुठेतरी निघून जावं' असं वाटतं, त्यांच्या स्वप्नांच्या यादीत हा जॉब हमखास असतो.

पण एक सांगा, त्या सिनेमात सिलिंडर कोण भरतो? सुकलेले वेटसूट साइझप्रमाणे कोण लावतो? आणि जून उजाडला की पगार कोण देतो?

उत्तरं शोधायला मी मालवणला गेले. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूच्या पाण्यात पाहुण्यांना घेऊन जाणाऱ्या एका तिशीतल्या इन्स्ट्रक्टरच्या मागे पाच दिवस फिरले, गुरुवार ते सोमवार. त्याला सगळे नुसतं 'दादा' म्हणतात, आपणही तेच म्हणू.

तिथी बघून टाइमटेबल

दादाचा दिवस सकाळी साडेपाचला सुरू होतो. पहिली मीटिंग समुद्राबरोबर. वारा कुठून, लाट किती, पाणी किती स्वच्छ? मोबाइलवर हवामानाचं ॲप असतंच, पण त्याचं खरं प्लॅनिंग घरातल्या भिंतीवर टांगलेलं असतं. कॅलेंडर! त्यात तो सुट्ट्या बघत नाही, तिथी बघतो.

कोकणातल्या कुठल्याही मच्छीमाराला पाठ असलेला फंडा असा : अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही मोठी. पाण्याला ओढ जास्त, तळाचा गाळ वर. अष्टमीच्या सुमारास भांग. भरती-ओहोटीतला फरक कमी, पाणी त्यामानानं शांत. शिवाय भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे आज नऊची बॅच मस्त झाली, म्हणून उद्याही नऊलाच होईल याची गॅरंटी नाही. ज्याला रोज ९.१२ची लोकल पकडायची सवय आहे, त्याला हे समजावणं महाकठीण.

दादाचे वडील रापण ओढत, म्हणजे किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून जाळं खेचायची मासेमारी. तिथीचं गणित त्यांच्याकडून आलं, सर्टिफिकेट मात्र स्वतःच्या कष्टाचं. पाडीसारख्या संस्थेचा इन्स्ट्रक्टर व्हायचं तर आधी ओपन वॉटर, ॲडव्हान्स्ड, रेस्क्यू, डाइव्हमास्टर अशा पायऱ्या चढायच्या, किमान १०० डाइव्हची नोंद लॉगबुकात हवी, मग इन्स्ट्रक्टरचा कोर्स आणि परीक्षा. आणि पास झालात म्हणजे सुटलात असं नाही. दरवर्षी मेंबरशिप रिन्यू करायची, ती फी वेगळी.

हवेचा हिशेब

'स्कूबामध्ये ऑक्सिजनचा सिलिंडर असतो ना?' हा प्रश्न दादाला रोज येतो. नसतो! त्यात आपण आत्ता घेतोय तीच साधी हवा असते, फक्त गाळलेली, कोरडी केलेली आणि २०० बारच्या दाबानं ठासून भरलेली. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये अशी २४०० लिटर हवा मावते. त्या हवेचंच वजन जवळजवळ तीन किलो. भरलेला सिलिंडर १५ किलोच्या वरच जातो. मालवणला वाळूवरून चालत, कमरेएवढ्या पाण्यातून हे सिलिंडर होडीपर्यंत न्यायचे असतात. जिमची मेंबरशिप घ्यायची गरजच नाही.

आता गणित बघा. लहान कॉम्प्रेसर मिनिटाला १०० लिटर हवा भरतो. म्हणजे एका रिकाम्या सिलिंडरला २४ मिनिटं. दहा सिलिंडर, चार तास. मधे वीज गेली तर? डिझेलवर चालवायचा. पण मग त्याचा धूर हवा ओढणाऱ्या पाइपाच्या आसपासही फिरकता कामा नये, कारण कार्बन मोनॉक्साइड सिलिंडरमध्ये गेला तर पाण्याखाली तो जीव घेऊ शकतो. म्हणून रात्री दहा वाजता, आपण हॉटेलात सोलकढीचा दुसरा ग्लास मागवतो तेव्हा, दादा वाऱ्याची दिशा बघत कॉम्प्रेसरशेजारी बसलेला असतो.

खर्चाचं गणित याहून मजेशीर. पाण्याखाली दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, म्हणून हवाही दुप्पट लागते. त्यात पाहुणा नवखा आणि घाबरलेला असेल, तर तो भात्यासारखा श्वास घेतो. त्याच सिलिंडरवर दादा पाऊण तास आरामात काढेल, नवखा वीस मिनिटांत काटा खाली आणतो. किती सिलिंडर लागतील हे माणसं किती यावर नाही, माणसं किती घाबरलीत यावर ठरतं. हे बुकिंगच्या वेळी फोनवर कसं विचारणार?

नखाएवढी रिंग

सिलिंडरचा व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटर यांच्यामध्ये एक रबराची बारीक रिंग असते, ओ-रिंग. ती फाटली की फुस्स! हवा बाहेर. अख्खी बोट भरलेली, पाहुणे तयार, आणि त्या नखाएवढ्या रिंगेसाठी सगळं ठप्प. म्हणून दादाच्या डब्यात रिंगा, मास्कचे पट्टे, माउथपीस, केबल टाय असा सगळा संसार असतो. तो डबा घरी विसरला तर परत किनाऱ्यावर.

खारं पाणी हा दुसरा शत्रू. रेग्युलेटर, जॅकेट, वेटसूट, सगळं रोज गोड्या पाण्यात धुवायचं. नाहीतर मीठ आत साचतं आणि हजारोंचा माल गंजतो. समुद्राच्या काठावर गोडं पाणी जपून वापरायचं असतं, त्यात एप्रिल-मे म्हणजे विहिरी तळाला. तेव्हा सामान धुवायला टँकर मागवायचा की नाही, हाही बिझनेस डिसिजन असतो!

फॉर्म कुणी वाचत नाही

पहिल्यांदा डाइव्ह करणाऱ्याला पोहता आलं पाहिजे असं नाही. इन्स्ट्रक्टर धरूनच नेतो आणि किल्ल्याजवळचं पाणी तसं उथळ आहे. दादाचा नियम, एका वेळी एकच पाहुणा. पण दमा आहे का, हृदयाचा त्रास आहे का, कानाचं ऑपरेशन झालंय का, हे फॉर्मवर खरं लिहायला हवं. बहुतेक जण सगळीकडे 'नाही' टिक करतात आणि सेल्फी काढतात. म्हणून दादा फॉर्म बघत नाही, माणूस बघतो. नाक ओढतोय का? डोळे लाल आहेत का? काल रात्रीची उतरली नाही का?

सर्दी असेल तर कानातला दाब सारखा करता येत नाही, पडदा फाटू शकतो. हा नियम दादालाही लागू. आपल्याला सर्दी झाली तर वर्क फ्रॉम होम. त्याला झाली तर आठवडाभर शून्य कमाई, तीही ऐन डिसेंबरात.

आणि त्याच्या अंगात साठणारा नायट्रोजन वेगळाच. पाहुणा एकदा खाली जातो. दादा प्रत्येक पाहुण्याबरोबर जातो, दिवसातून चार-पाच वेळा खाली-वर. नीट थांबे न घेता हे केलं तर रक्तात बुडबुडे धरायची भीती. त्यावर उपचार करणारा दाबाचा चेंबर प्रत्येक हॉस्पिटलात नसतो. मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात आहे, पण मालवणहून मुंबई ५०० किलोमीटरच्या घरात. म्हणून दादा सहावा पाहुणा घेतच नाही. 'पैसे सोडतोस?' मी विचारलं. 'मॅडम, माझो सांधो दुखलो तर बदली कामगार खयसून आणू?' प्रश्न बिनतोड होता.

चंद्राला विकेंड कळत नाही

रविवारी पुण्याहून दहाजणांचा ग्रुप येणार होता. एका आयटी कंपनीतली टीम, तीन आठवडे आधी बुकिंग केलेलं. दादानं तेव्हाच फोनवर सांगितलं होतं, रविवारी अमावास्या आहे, आधीच्या आठवड्यात बुधवारी-गुरुवारी या. तिकडून उत्तर आलं, बुधवारी सुट्टी मिळत नाही. बरोबरच आहे. कुठला मॅनेजर तिथी बघून लीव्ह सँक्शन करेल?

शनिवारी रात्रीपासून वारा सुटला. रविवारी सकाळी सातला दादा एकटाच मास्क लावून पाण्यात उतरला आणि पाच मिनिटांत बाहेर आला. 'पाणी गढूळ आसा. आज काय दिसूचा नाय.' नुसतं दिसणं न दिसणं हा प्रश्न नव्हता. हात लांब केला तर स्वतःची बोटं दिसत नाहीत आणि पाण्याला ओढ आहे, अशा वेळी घाबरलेला माणूस हातातून सुटला तर शोधायचा कुठे?

साडेआठला ग्रुप आला. रात्रभर गाडी चालवून आलेला, डोळे तारवटलेले, पण उत्साह फुल्ल. दादानं 'नाही' सांगितलं आणि वातावरण एकदम बदललं. 'अहो, ती बघा दुसरी बोट चाललीय!' खरंच एक बोट निघाली होती. 'आम्ही एवढ्या लांबून आलोय.' 'जास्त पैसे घ्या.' शेवटी ठेवणीतलं अस्त्र, 'रिव्ह्यूमध्ये लिहू हां!'

दादा हात जोडून उभा होता. आदल्या रात्री चार तास बसून भरलेले सिलिंडर त्याच्या मागे ओळीनं उभे होते. होडीवाल्याला सांगून ठेवलेलं, दोन मदतनीस मुलं आलेली. त्यांचे पैसे द्यायचेच होते. त्यानं मोबाइल काढला आणि ॲडव्हान्स परत केला. 'उद्या सकाळी वारो पडलो तर नेतंय. थांबूक जमला तर थांबा.'

सातजण चिडून निघून गेले. तिघांनी ऑफिसला मेल टाकले आणि थांबले. सोमवारी वारा पडला, पाणी थोडं निवळलं. तिघांनी डाइव्ह केली, प्रवाळ पाहिलं, पट्टेरी माशांचा थवा अंगावरून गेला म्हणून किंचाळत वर आले. त्यातली एक मुलगी वाळूवर बसून नुसती हसत होती. दादाच्या वहीत मात्र ते दोन दिवस मिळून तोटाच होता. सात अधिक तीन असं त्याच्या धंद्यात होत नाही.

'दुसरी बोट गेलीच की. त्यांना काही झालं नाही,' मी म्हटलं. तो म्हणाला, 'नाय झाला, बरा झाला.' बस्स, एवढंच.

आणि मग जून येतो

साधारण जून ते ऑगस्ट समुद्र बंद. होड्या किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारलेल्या. सप्टेंबरात पाणी गढूळच. म्हणजे आठ महिन्यांच्या कमाईत बारा महिने. दर महिन्याच्या एक तारखेला पगार न येणाऱ्या जमातीत मीही मोडते, पण माझ्या लॅपटॉपला निदान पावसाळा लागत नाही.

अंदमानला जाऊन उपयोग नाही, तिथलाही सीझन साधारण हाच. इंडोनेशियात किंवा थायलंडच्या कोह ताओला या काळात पाणी छान असतं, पण तिथे वर्क परमिट लागतं. शिवाय स्वतःचा किट १५ किलोच्या पुढे जातो, विमानात जादा सामानाचे पैसे. बरेचजण शहरातल्या स्विमिंग पुलांवर शिकवतात. दादा या दिवसांत कॉम्प्रेसरचे फिल्टर बदलतो, रेग्युलेटर सर्व्हिसिंगला पाठवतो आणि भातशेती करतो. 'मुंबईत नोकरी बघ' असं घरचे दर जूनमध्ये सांगतात. तो दर ऑक्टोबरमध्ये विसरतो.

जायचंय?

कसं : कोकण रेल्वेनं कुडाळ, तिथून मालवण साधारण ३० किलोमीटर. चिपी विमानतळ २०२१ मध्ये सुरू झालाय, फ्लाइटचं वेळापत्रक मात्र आधी बघून घ्या.

कधी : डिसेंबर ते मार्च. एक दिवस जादा ठेवा, समुद्र तुमच्या बॉसपेक्षा कडक आहे.

काय विचाराल : इन्स्ट्रक्टरचं सर्टिफिकेट, हवा कुठे भरतात आणि 'पाणी खराब असेल तर पैसे परत मिळतात का?' तिसऱ्या प्रश्नाला लगेच 'हो' आलं, तर माणूस भरवशाचा समजा.

काय टाळाल : प्रवाळावर पाय देणं. १९८७ पासून हा भाग सागरी अभयारण्य आहे. एका डाइव्हनंतर १२ तास आणि जास्त डाइव्ह केल्यात तर किमान १८ तास विमान नको. आंबोली घाट ६९० मीटरवर आहे. त्यामुळे दोन-तीन दिवस डाइव्हिंग करून लगेच गाडी घाटात घालणंही नको. रात्रभर मालवणात राहा, मासे खा.

आणि हो, या वर्षी लीव्ह टाकताना लाँग विकेंड बघू नका. कॅलेंडरमध्ये अष्टमी बघा. एचआरनं कारण विचारलं, तर सरळ लिहा : 'समुद्राला तीच तारीख जमतेय.'