चिंतामणीच्या पायऱ्या

कळंबच्या चिंतामणीला भेटायला उतरावं लागतं. बहुतेक देवांसाठी आपण चढतो, धापा टाकतो, वर पोचल्यावर पुण्य पदरी पडल्यासारखं वाटतं. इथे पायऱ्या खाली नेतात. यवतमाळहून नागपूर रस्त्याने वीस-बावीस किलोमीटरवर, चक्रावती नदीच्या काठी हे गाव. देऊळ जमिनीच्या पातळीखाली आणि देवासमोर कुंड. मे महिन्यात वर डांबर चपलेला चिकटत असतं. खाली ओल्या काळ्या दगडाचा वास येतो, घाम अंगावरच गार होतो आणि माणूस आपोआप हळू बोलायला लागतो. तू देव मानतोस का, असं त्या पायऱ्यांवर मला आजवर कुणी विचारलेलं नाही. घरून निघताना दर वेळी मीच स्वतःला विचारतो, आणि एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली की तो प्रश्न तिथेच राहतो.

कथा सांगतात ती अशी. गौतम ऋषींच्या शापाने पोळलेल्या इंद्राने इथे गणपतीची आराधना केली, देवाने अंकुशाच्या घावाने कुंड प्रकट केलं आणि गंगेला आज्ञा झाली, की दर बारा वर्षांनी येऊन पाय धुवून जायचं. तेव्हापासून ठरल्या काळी कुंडातलं पाणी चढू लागतं, चढत चढत मूर्तीच्या पायांना लागतं आणि मग आपलं आपण ओसरतं.

शाप पुराणातला आहे, त्याला आपण हात लावू शकत नाही. पाण्याचं तसं नाही. ते कुंडात आहे, ते मोजता येतं आणि कधी आलं ते लोकांनी लक्षातही ठेवलं आहे. आमच्या भागात सांगितली जाणारी १९९५ पर्यंतची यादी अशी: १९१८, १९३३, १९४८, १९५८, १९७०, १९८३, १९९५. वजाबाकी करून पाहा. पंधरा, पंधरा, दहा, बारा, तेरा, बारा. सहा अंतरांपैकी बरोबर बारा वर्षांची दोनच. सरासरी तेराच्या जवळ.

तत्त्वज्ञ कार्ल पॉपरने १९३४ साली मांडलेली कसोटी इथे लावायचा मोह होतो. जे विधान चुकीचं ठरण्याचा धोका पत्करतं तेच वैज्ञानिक, असं त्याचं म्हणणं. ‘देव दयाळू आहे’ हे विधान कसलाच धोका पत्करत नाही. ‘बारा वर्षांनी पाणी येतं’ हे मात्र उघड्या छातीने उभं राहतं. या अर्थाने कळंबची गंगा पुष्कळ शास्त्रीय म्हणवणाऱ्या गोष्टींपेक्षा प्रामाणिक आहे. तिने तारीख दिली आणि ती चुकलीही.

चुकली म्हटल्याबरोबर देवाचे वकील धावतात. शहरातले एक शिकलेले गृहस्थ मला समजावत होते, की बारा वर्षं म्हणजे गुरूची प्रदक्षिणा, सूर्याभोवती ११.८६ वर्षं, कुंभमेळ्याचंही तेच गणित, सगळं विज्ञानच आहे. पंधरा आणि दहाचं काय, असं विचारलं तर म्हणाले, ‘साधारण’ बारा. या ‘साधारण’मध्ये काहीही बसतं. मला देवभोळ्या माणसाचा राग येत नाही; देवाला प्रयोगशाळेतून प्रमाणपत्र आणून देणाऱ्याचा येतो. त्याला विज्ञानाचा मान हवा असतो, परीक्षा नको असते.

त्याच कुंडाशी एकदा एका म्हातारीला मी विचारलं होतं, यंदा गंगा येईल का हो? पदराने तोंड पुसत ती म्हणाली, ‘‘कवा येते ते त्याले मालूम, बाप्पा. आली तं त्याचे पाय धुवून जाईन. नाही आली तं मी आहोच ना.’’ आणि तांब्या कलंडून तिने पाणी घातलं.

या उत्तरापाशी मी पुष्कळ काळ घुटमळलो आहे. बारा वर्षांचं गणित तिलाही माहीत होतं, पण ती त्याच्यावर उभी नव्हती. गणित चुकलं असतं तरी ती पुढच्या चतुर्थीला आलीच असती. पॉपरची फूटपट्टी तिच्या हातातल्या तांब्याला कुठून लावायची?

भूगर्भाच्या अंगाने पाहिलं तर कुंडाची गोष्ट फार गूढ असायचं कारण दिसत नाही. यवतमाळचा बराचसा भाग दख्खनच्या काळ्या बेसॉल्टवर बसला आहे. घट्ट बेसॉल्टमध्ये पाणी मुरत नाही. ते भेगांत, जाळीदार थरांत आणि वरच्या कुजलेल्या मुरमात साठतं. लागोपाठ दोन-तीन पावसाळे चांगले झाले की विहिरींची पातळी वर येते. जे देऊळ मुळातच जमिनीखाली आहे, नदी जवळ आहे, तिथे हे चढलेलं पाणी देवाच्या पायापर्यंत येणं शक्य आहे. हा माझा अंदाज. रत्नागिरी जिल्ह्यात राजापूरची गंगा साधारण तीन वर्षांनी चौदा कुंडांत प्रकटते असं म्हणतात. तिच्यासाठी भूगर्भातल्या नैसर्गिक वक्रनलिकेचं स्पष्टीकरण दिलं जातं. कळंबचं कोडं त्याहून सोपं निघेल असं मला वाटतं. म्हातारीला हे सांगितलं असतं तर? ‘‘मंग? भेगा कोनं पाडल्या?’’ असं म्हणून ती हसली असती.

यादीतलं शेवटचं वर्ष १९९५. त्याच वर्षी, २१ सप्टेंबरच्या गुरुवारी, देशभरचे गणपती दूध पिऊ लागले. यवतमाळातही वाट्या-चमचे घेऊन रांगा लागल्या. दुपारपर्यंत दूध मिळेना. दिल्लीत शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून पाहिला. पृष्ठताणामुळे चमच्यातलं दूध ओढलं जाऊन दगडावरून पातळ ओघळ होऊन खाली उतरत होतं, ते रंगाने दिसलं. सिद्धांत म्हणून पाहिलं तर इतका स्वच्छ पराभव क्वचितच कुणाचा झाला असेल. पण पुढच्या वर्षी गणपती बसवणारं एक तरी घर कमी झालं का? आमच्या आळीत तरी नाही.

यावर विवेकवादी म्हणतील, हीच तर फसवणूक आहे. जिंकलं की चमत्कार आणि हरलं की भावना. आक्षेप रास्त आहे. दि. य. देशपांडे यांनी नागपुरातून १९९० साली सुरू केलेल्या ‘आजचा सुधारक’ या विवेकवादी मासिकाने आम्हा वऱ्हाडातल्या वाचकांना हा आक्षेप वर्षानुवर्षं ऐकवला आणि त्याचं समाधानकारक उत्तर मला आजही सुचत नाही. ऐकणारं कुणीच नाही अशी खात्री पटली, तर म्हातारी तांब्या कलंडेल का? बहुधा नाही. म्हणजे तिच्या त्या साध्या कृतीच्या तळाशी जगाविषयीचं एक विधान आहेच. फक्त ते विधान ती पणाला लावत नाही.

पणाला लावण्यातही माणसामाणसांत फरक असतो. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली ती २००८ मध्ये, महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती आणि पुणे विद्यापीठाचे संख्याशास्त्रज्ञ यांना बरोबर घेऊन. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या होत्या. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस कुंडल्या पाहून उत्तरं पाठवली. ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तर पन्नासच्या आसपास आली असती. आणि याच नारळीकरांनी विश्वाला आरंभ नाही हा स्थिर स्थितीचा विचार, १९६५ मध्ये वैश्विक पार्श्वप्रारणाचा शोध लागून बहुतेकांनी तो सोडल्यावरही, सोडला नाही. १९९३ मध्ये हॉइल आणि बर्बिज यांच्यासह त्याची सुधारलेली आवृत्ती मांडली. चिकाटी म्हातारीइतकीच. पण नवी आवृत्ती मांडताना त्यांनी आकडेही मांडले, आणि ते चुकीचे ठरवण्याचं निमंत्रण प्रतिस्पर्ध्यांच्या हाती दिलं. ज्योतिषी तसं निमंत्रण देत नाही.

माझी खरी धास्ती कळंबची नाही, भेंडवळची आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या त्या गावी अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात अठरा धान्यांची घट मांडणी होते. मधोमध पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर घागर, वर पुरी-पापड-कुरडई. पहाटे कोणतं धान्य हललं, कोणतं ढेकूळ भिजलं यावरून पावसाचं आणि पिकाचं भाकीत सांगतात. परंपरा साडेतीनशे वर्षांची मानली जाते. दुसऱ्या दिवशी ते पेपरात येतं आणि आमच्या कापूसवाल्यांच्या बैठकीत त्यावर बोलणं होतं. हे ऐकून कुणी कर्जाने आणलेलं बियाणं धूळपेरणीत टाकलं आणि पाऊस लांबला, तर दुबार पेरणीचा खर्च घागर देत नाही. जिथे श्रद्धा दुसऱ्याच्या पैशावर विधान करते तिथे तिला परीक्षेला बसवलंच पाहिजे. दर वर्षीचं भाकीत आणि प्रत्यक्ष पाऊस शेजारी शेजारी छापा, तेही त्याच पेपरात, तेवढ्याच टायपात. म्हातारीच्या तांब्याला अशी परीक्षा लावण्यात मला अर्थ दिसत नाही. ती कुणाची पेरणी ठरवत नाही.

आणि कळंबसाठी एक सूचना आहे. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. कुंडाच्या भिंतीवर सेंटिमीटरची पट्टी रंगवावी, गावातल्या शाळेच्या पोरांनी रोज सकाळी आकडा वहीत लिहावा आणि शेजारच्या खान्यात पाऊस लिहावा. वही देवळातच राहू द्यावी, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला पाहता येईल. पट्टी रंगवायला विश्वस्तांची परवानगी लागेल. ती मिळाली, तर कामाला नारळ फोडून सुरुवात करायला माझी काहीच हरकत नाही.