मागच्या बाकावरून

वांद्रे पूर्वेला खेरवाडीतल्या मराठी शाळेत माझी नोकरी सुरू झाली. ज्यांच्या नावाची ही वाडी, ते बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना मुंबई राज्यातली मराठी मुलं इंग्रजीचा श्रीगणेशा आठवीत करायची. माझ्या वेळी तो पाचवीत आला होता. जून २००० मध्ये, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, तो थेट पहिलीत आला. शिकवणार मात्र आम्हीच होतो, पाचवीत एबीसीडी गिरवलेले.

मग ट्रेनिंग लागलं. तीन दिवस, शंभरेक शिक्षक, पुढे तज्ज्ञ मार्गदर्शक. मुलांना बोलतं करा, असं ते अस्खलित इंग्रजीत सांगत होते. आम्ही माना डोलावत होतो. अडचण विचारायची तर उभं राहून इंग्रजीतच विचारायला हवी, आणि शेजारच्या शाळेतल्या बाईंसमोर वाक्य चुकलं तर? तीन दिवसांत मी तोंड उघडलं नाही. माझ्या वर्गातली मुलं गप्प का बसतात, ते मला त्या सभागृहात कळलं.

खरं शिकले ते नंतर. शेजारच्या वर्गात बाई ‘ही गोज’ शिकवत होत्या, मी आणि आमच्या आणखी एक बाई मागच्या बाकावर बसलो होतो. मुलं ‘ही गो’वरून हलत नव्हती. बाईंनी फळ्यावर लिहिलं: मी जातो, तू जातोस, तो जातो. म्हणाल्या, “आपण ‘तू’ आला की शेवटी ‘स’ लावतो ना? इंग्रजीत तो ‘तो’ला नि ‘ती’ला लावतात.” वर्ग बोलायला लागला. पण थोड्या वेळाने कुणीतरी ‘दे गोज’ म्हटलं! मधल्या सुट्टीत आम्ही तिघी त्यावरच बोलत बसलो. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या बाईंनी तोच पाठ घेतला आणि सुरुवातीलाच सांगितलं, एकटा असेल तरच ‘स’. कुणाच्याच पाठटाचणात हे नव्हतं.

जपानमध्ये याला ‘जुग्यो केन्क्यू’ म्हणतात. एकाने पाठ घ्यायचा, बाकीच्यांनी वर्गात थांबून मुलं काय करतात ते टिपायचं, मग सगळ्यांनी बसून पाठ दुरुस्त करायचा. दुरुस्ती पाठाची, मास्तरांची नव्हे. शंभराहून अधिक वर्षांची ही रीत. तिथेही एप्रिल २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी रीतसर विषय झाला आणि बऱ्याच ठिकाणी तो वर्गशिक्षकाच्याच गळ्यात पडला. हे वाचलं तेव्हा त्या अनोळखी शिक्षकांबद्दल मला फार आपलेपणा वाटला. आपल्याकडे ‘तेजस’ प्रकल्पाने शिक्षकांचे छोटे गट बांधले, ती वाटही मला बरोबर वाटते.

प्रशिक्षणाचं वेळापत्रक आखणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. सभागृहातला एकच दिवस ठेवा. उरलेले दोन दिवस आम्हाला एकमेकींच्या वर्गात बसू द्या आणि अडलेलं मराठीत विचारू द्या. तुम्हीही या, मागच्या बाकावर जागा आहे.